गाडीत झोपण्यापुरती वीज

उमा प्रभुदेसाई तीन वर्षांत घराबाहेर एकही रात्र झोपली नव्हती. झोपेत तिचा श्वास अडायचा, म्हणून डॉक्टरांनी नाकाला मास्क लावून झोपायचं मशीन दिलं होतं. घरी वीज गेली तर इन्व्हर्टर होता. बाहेर कोण हमी देणार? संगमेश्वरला भाचीचं लग्न झालं तेव्हाही ती अक्षता टाकून संध्याकाळच्या एसटीने रत्नागिरीला परत आली. पोस्टात बत्तीस वर्षं काढलेली बाई. टळणार नाही त्या गोष्टीबद्दल ती फारसं बोलत नसे.

तिचा नवरा हरिहर निवृत्त झाल्यावर त्याने एक जुनी व्हॅन घेतली, मागच्या सीटा काढून फळ्यांचा पलंग ठोकला, पंखा लावला आणि जाहीर केलं, "आता आंजर्ल्याला मुक्काम!" वाटेत मासे घ्यायचे म्हणून छोटा फ्रिजही ठरला. राहिली बॅटरी.

बॅटरीवाल्या सखारामने दुकानात दोन काढून ठेवल्या.

"ही ट्युब्युलर, तुमच्या इन्व्हर्टरला आहे तसलीच. पाणी घालत राहायचं. ही लिथियम. किंमत तिप्पट."

"तिप्पट वर्षं चालते?" हरिहरने विचारलं.

"बहुतेक चालते. पण काका, ट्युब्युलर निम्मीच वापरायची. रोज तळाला नेलीत तर लवकर बसते. लिथियमला ते पथ्य नाही."

"मग निम्मी वापरू. मीटरवर मी लक्ष ठेवीन."

"तुम्ही?" उमा म्हणाली. स्कूटर रिझर्व्हला लागल्याशिवाय या माणसाने जन्मात पेट्रोल भरलं नव्हतं. भर पावसात दोनदा तिने ती चढावर ढकलली होती. ती सखारामकडे वळली. "निम्म्यात रात्रभर माझं मशीन, पंखा आणि फ्रिज चालेल?"

त्याने कॅलक्युलेटर दाबला. "मशीन नि पंखा निघेल, काकू. फ्रिज नाही."

"म्हणजे यांची सुरमई, नाहीतर मी."

सखाराम हसला. हरिहर हसला नाही. "अगं, रात्री फ्रिज बंद ठेवू."

"आणि मासे खराब होतील म्हणून मध्येच उठून चालू कोण करेल? लिथियम द्या हो. फ्रिज नको, त्याचे पैसे यातच घाला. मासे बर्फात ठेवू, लाँचवाले ठेवतात तसे."

"एवढी भारी बॅटरी आणि फ्रिज नाही? लोक हसतील."

"हसू देत."

बॅटरी बसवल्यावर दोन दुपारी ती मास्क लावून अंगणातल्या गाडीतच झोपली. शेजारच्या गंगाने कुंपणावरून विचारलं, "भांडलात की काय गो?"

"नाही, तालीम करत्येय."

डिसेंबरात ते आंजर्ल्याला गेले. सकाळी उमाला जाग आली तेव्हा ऊन पलंगावर आलं होतं. हरिहर टेकडीवरच्या गणपतीला जाऊन आला होता आणि बाहेर खुर्ची टाकून बसला होता.

"साडेसात झाले," तो म्हणाला.

"उठवलं का नाहीत?"

"झोपली होतीस."

मग त्याने आत डोकावून मीटर पाहिला. "बासष्ट टक्के उरलीय."

उमाने बाटलीतल्या पाण्याने मास्क धुतला आणि गाडीच्या आरशाला वाळत टाकला.

"मग आजची रात्रपण निघेल," ती म्हणाली.