दिसला की बघितला?

आमची धायरीची जमीन इमारतींखाली गेली आणि मी कोथरूडला एका कॉम्प्युटर कंपनीच्या गेटवर वॉचमन म्हणून लागलो. शिक्षण चौथी पास, तेही मास्तरांच्या मेहेरबानीनं. पण आठ वर्षांत माझ्या गेटमधून टाचणी बाहेर गेली नव्हती.

एका दुपारी मी नळावर बाटली भरत होतो. तेवढ्यात एकजण स्कूटरवर पुढ्यात मॉनिटर ठेवून बाहेर पडताना दिसला. बाटली टाकली, ओरडत चौकापर्यंत धावलो. वहाणेचा अंगठा तुटला. तो गेला तो गेलाच.

सुपरवायझर बी.ए. झालेला. त्यानं माझा जबाब इंग्रजीत लिहिला आणि मी विश्वासानं सही ठोकली. इथंच चुकलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या मॅडमनी बोलावलं. नागपूरकडच्या, वयानं माझ्या लेकीएवढ्या.

"काका, चोर माल नेत होता आणि तुम्ही नुसते बघत राहिलात?"

"कोण म्हणतं असं?"

"तुमचीच सही आहे. 'आय वॉच्ड हिम गो.' हे वर गेलं तर तुमची नोकरी राहणार नाही."

मी बाजूला उभ्या सुपरवायझरकडे वळलो. "मी 'दिसला' म्हणालो होतो ना रे?"

"अहो काका, तेच ते. दिसला म्हणजे सॉ, बघितला म्हणजे वॉच. तुम्ही वॉचमन, म्हणून वॉच लिहिलं. शोभून दिसतं."

शोभून दिसतं म्हणे! माझी भाकरी चालली होती आणि याला शोभा सुचत होती.

"आणि मी धावलो, ते कुठंय?"

"फॉर्मवर दोनच ओळी होत्या."

"काका, एका शब्दाचं एवढं काय," मॅडम म्हणाल्या.

"एका शब्दाचं? शेजाऱ्याच्या घराला लागलेली आग मला दिसली, तर मी शेजारी. तीच मी बघत उभा राहिलो, तर मी कोण? आणा ते पेन इकडं."

कोऱ्या कागदावर मीच मराठीत लिहिलं. हात चालत नव्हता, पाऊण तास गेला. 'मला चोर दिसला. मी बघत बसलो नाही. धावलो.' मॅडमनी ते दोनदा वाचलं, इंग्रजी जबाब फाडला आणि नवा लिहिला. त्यातला शब्दन् शब्द मी त्यांना मराठीत सांगायला लावला, तेव्हा कुठं सही केली. नोकरी राहिली.

बाहेर आल्यावर सुपरवायझर हसत म्हणाला, "काका, आता तुम्हाला वॉचमन म्हणू का नको?"

"म्हण की. आणि चौकात चांभार आहे का बघ. दिसला की नुसता बघत उभा राहू नकोस, ही वहाण शिवून आण."