कुल्याश आपांची हिरवी चकती

मी विज्ञानाचा डॉक्टर आहे हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचून तुमचा विश्वास बसणार नाही. अल्माटीतल्या आमच्या संस्थेत, तिसऱ्या मजल्यावर, आम्ही सिलिकॉनच्या चकत्यांना भोकं पाडतो. म्हणजे पाडतात कुल्याश आपा. मी त्यावर लेख लिहितो.

नखाएवढी चकती जहाल आम्लात ठेवायची आणि तिच्यातून वीज सोडायची, कधी कमी कधी जास्त. मग तिच्यात डोळ्यांना न दिसणारी छिद्रं पडतात, थरावर थर, एक दाट, एक विरळ. नीट जमलं तर ती राखाडी चकती हिरवीगार चमकते. स्पिरिटची नाहीतर पेट्रोलची वाफ छिद्रांत शिरली की हिरवीची पिवळी होते, वाफ दणकून असेल तर लाल. वाफ उडाली की पुन्हा हिरवी. रेल्वेच्या तेलाच्या टाक्यांपाशी अशा चकत्या बसवायच्या, म्हणजे गळती रंगावरूनच कळेल, असा आमचा बेत होता.

ते आम्ल हाडापर्यंत खातं. आपा एकोणिसाव्या वर्षी तलगार गावाकडून इथे काचसामान धुवायला आल्या, शेजारी उभं राहून बघत बघत शिकल्या, आणि एकतीस वर्षं त्या आम्लाशी खेळूनही त्यांची दहाही बोटं शाबूत आहेत. नवरा ट्रॉलीबस चालवायचा, तो अर्ध्यावर सोडून गेला. दोन मुली याच टेबलाच्या जोरावर शिकल्या. वीज चालू असताना कोणी दार उघडलं की आपा मागे न बघता ओरडायच्या, "कोण तडफडलं तिकडे? दार लाव!" एकदा ते खुद्द संचालक निघाले. त्यांनी निमूट दार लावलं, बाहेरून.

मी दोनदा स्वतः चकती करायला गेलो होतो. पहिली फुटली. दुसरी झाली, पण रंग असा आला की आपा म्हणाल्या, "येरमुरात, हे काय रे, कालचा चहा? तू आपला लिही बाबा. लिहिताना काही फुटत नाही."

तर त्या वसंतात चकत्यांवर डाग पडायला लागले. देवी येऊन गेलेल्या तोंडासारखे, बारीक गोल गोल. दहातली एक धड निघायची. आपांनी भांडी बदलली, तारा बदलल्या, पाणी बदललं. पण डाग काही हटेनात.

आता माझं पाप सांगतो. आम्लात स्पिरिट मिसळावं लागतं. चकतीवर वायूचे बुडबुडे येतात, ते स्पिरिटमुळे घसरून निघून जातात. स्पिरिट कमी पडलं की बुडबुडे चिकटून बसतात, आणि जिथे बसतात तिथे डाग. माझ्या प्रबंधात यावर अख्खं प्रकरण आहे. आणि दर शुक्रवारी स्पिरिटच्या बरणीतून अर्धा लिटर काढून तेवढंच पाणी ओतणारा महाभागही मीच. बरणीवर आपांनी रेघ मारलेली होती ना, पातळी रेघेला लागायला हवी!

प्यायला नव्हे हो. मी दोन घोटांत झोपतो. सासऱ्यांसाठी. त्यांचे गुडघे दुखतात, चोळायला लागतं, असं ते म्हणायचे. गुडघ्यांना रोज जेवणाआधी दोन पेले कसे लागतात हे मी कधी विचारलं नाही. त्या घरात माझी किंमत तेवढीच होती. मेंढीच्या छातीचा तुकडा जावयाला वाढायची आमच्याकडे रीतच आहे, पण सासरे तो स्वतःच्या हाताने वाढायचे आणि पाहुण्यांना सांगायचे, "आमचे जावई शास्त्रज्ञ आहेत, बरं का!" त्या एका वाक्यासाठी मी चोर झालो. अलीकडे मात्र त्यांची तक्रार होती, "जावईबापू, तुमच्या संस्थेचा माल पातळ झालाय."

तरीही माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. की पडला होता आणि मीच दार लावून घेतलं होतं? देव जाणे.

आमचे विभागप्रमुख तोलेगेन अगाय, म्हणजे तोलेगेन सर, एका सोमवारी म्हणाले, "आपा, वय झालं. हात थरथरत असणार. हा शुक्रवार शेवटचा. पुढे तुम्ही काचसामानाकडे बघा." म्हणजे जिथून सुरुवात केली तिथेच परत. आपांनी माझ्याकडे पाहिलं. आणि मी, डॉक्टर येरमुरात, मान डोलावली. ती मान अजून या धडावर आहे याचं मला नवल वाटतं.

शुक्रवारी आपांनी अगायांना टेबलापाशी बोलावलं. हातात गेल्या वर्षीची, बिनडागी, हिरवीगार चकती.

"अगाय, माझे हात राहू द्या. ही बघा." त्यांनी स्पिरिटचा नवा डबा सगळ्यांसमोर फोडला आणि चकती डब्याच्या तोंडाशी धरली. लाल झाली. हलवून हिरवी केली, आमच्या रोजच्या बरणीवर धरली. पिवळी. पिवळीच राहिली.

"बरणीत पाणी आहे," आपा म्हणाल्या.

अगायांचा चेहरा उतरला. "बरणीच्या कपाटाची किल्ली कोणाकडे असते?"

"दोघांकडे. माझ्याकडे आणि याच्याकडे."

"आपा, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती," अगाय म्हणाले. माझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. डॉक्टर कुठे चोरी करतात!

आपांचा चेहरा पांढराफटक पडला. आणि मी काय केलं? भाषण. "अगाय, संशय घेणं बरं नव्हे, आपण सगळे एका कुटुंबासारखे..." बोलता बोलता खुर्चीवरची पिशवी उचलून काखेत मारली. पिशवीत त्या दिवशी सासऱ्यांसाठी भरलेला थर्मास होता, जुना, बूच सैल झालेला.

आपा माझ्या शेजारीच उभ्या होत्या, चकती बोटांत धरून. मी बघत होतो. चकती पिवळी होत गेली. बरणीवर झाली होती तीच पिवळी, तसूभर इकडे नाही की तिकडे नाही.

आपांनीही पाहिलं. त्यांनी चकती तळहातावर पालथी घातली आणि मूठ मिटली. माझ्या घरी लहान पोरगी आहे, तिला झबली आपांनीच शिवून दिली होती.

"चला, मी काचसामानाकडे जाते," त्या म्हणाल्या.

तेव्हा मात्र मला माझीच शिसारी आली. मी त्यांची मूठ धरली. त्या सोडेनात. एकेक बोट उलगडावं लागलं, आणि त्या पुटपुटत होत्या, "अरे गाढवा, गप्प बस, गाढवा..." मी थर्मास टेबलावर ठेवला, बूच काढलं आणि चकती त्याच्या तोंडावर धरली.

"अगाय, बघा," मी म्हणालो. "आता सांगा, कोणाचे हात खराब आहेत?"

वर्षभर काचसामान मी धुतलं. बरं धुतो, असं म्हणतात. सासरी छातीचा तुकडा अजून मिळतो, पण तो आता सासूबाई वाढतात आणि माझ्या शास्त्राचा विषय निघत नाही. आपा त्यांच्या टेबलाशी आहेत, किल्ली एकच आहे आणि ती त्यांच्याकडे आहे.

दर शुक्रवारी निघताना मी दारात थांबतो. आपा उठतात, चकती माझ्या पिशवीच्या तोंडाशी धरतात आणि चांगला मिनिटभर बघत राहतात. कोणी त्यांना तसं करायला सांगितलेलं नाही, आणि थांबायला मलाही कोणी सांगितलेलं नाही.

"हिरवी," त्या म्हणतात. "जा घरी, गाढवा. आणि दार लाव."