हेटीची कललेली सराय

हेटी ग्विलियम लग्नाआधी त्याच सरायीत बिअरचे ग्लास धुवायची. सराय बंद पडली आणि तिनं नवऱ्याला, लेनला, ती राहायला घ्यायला लावली, तेव्हा इंग्लंडच्या हेरफर्डशरमधल्या त्या लहानशा गावानं दोघांनाही वेड्यात काढलं. काळ्या पडलेल्या ओक लाकडाचा सांगाडा, खांबांच्या मधे काठ्या-मातीचा कूड आणि वरचा मजला रस्त्यावर असा झुकलेला, की खाटेखाली पडलेलं सफरचंद थेट खिडकीशी जाऊन थांबायचं.

लेन बस चालवायचा. त्याला सगळं सरळ लागे. जमीन समतल करू, भिंती ओळंब्यात घेऊ, असं त्याचं रोज चालायचं.

मग त्यांनी खालच्या दालनातलं खोटं छत उतरवलं. वर रुंद तुळया निघाल्या. लोखंडाचा खिळा कुठेच नव्हता, नुसत्या लाकडी खुंट्या. प्रत्येक सांध्याच्या दोन्ही बाजूंना एकसारखी खूण कोरलेली. हेटी स्टुलावर चढून त्या खाचांवरून बोट फिरवत राहिली.

"बांधणाऱ्यांनी आधी अख्खं घर जमिनीवर आडवं जुळवलं, खुणा केल्या, सुटं केलं आणि मग इथे उभं केलं," ती म्हणाली. "आणि आपण एक कपाट जोडताना आठवडाभर अबोला धरला होता."

पण कोपऱ्यातल्या खांबाचा पाय कुजला होता. ओल्या केकसारखा हातात येत होता. सुतार म्हणाला, कोपरा उचलून धरायला माणसं लागतील. गाव तर रुसलेलं, त्यांचा अड्डा गेला होता ना. विल्फ प्रीस हे सरायीचं सगळ्यांत जुनं गिऱ्हाईक, तो तर हेटीशी बोलतही नव्हता. ती त्याच्याच दारात गेली.

"विल्फ, तुझा कोपरा खचतोय."

"माझा?"

"तिथं दुसरं कोण बसायचं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी विल्फ सहा-सात जणांना घेऊन आला. कोपऱ्याखाली वजन उचलायचे जॅक बसवले, टेकू लावले, घर मोठ्यानं कण्हलं आणि सुतारानं ताज्या ओकचा पाय जुन्या खांबाला सांधला. लेननं ओळंबा लावून पाहिला.

"अजून कललेलंच आहे."

"असू दे. सरळ करायला गेलो तर सगळे सांधे उसवतील," हेटी म्हणाली. "त्यापेक्षा खाटेचे पाय काप."

लेन दिवसभर कुरकुरला आणि दुसऱ्या दिवशी त्यानं एका बाजूचे पाय कापले. त्या रात्री दोघंही गाढ झोपले.

पुढच्या गुरुवारी विल्फ दार न वाजवता आत आला, कोपऱ्यात बसला आणि त्यानं टोपी काढून ठेवली. हेटीनं त्याच्यापुढे चहा ठेवला. तो कपाकडे बराच वेळ बघत राहिला, मग प्यायला. मरेपर्यंत त्यानं एकही गुरुवार चुकवला नाही.