दाराखालची तिसरी पायरी

नाशिकमध्ये आम्ही आठ-दहा जण रेल्वेच्या डब्यांची छोटी मॉडेलं करतो. खरा डबा मॉडेलच्या सत्त्याऐंशीपट मोठा. महिन्यातून एकदा जमतो आणि डब्यांना गुण देतो. परीक्षक मी. कारखान्यात ड्रॉइंगच्या टेबलावर आयुष्य गेलं, त्यामुळे मिलिमीटरभर चूक दिसली तरी माझं डोकं फिरतं. आमचा एक नियम आहे. तपासणी चालू असताना डबा करणाऱ्याने तोंड उघडायचं नाही. हा नियमही माझाच.

गेल्या हिवाळ्यात लासलगावकडचा एक ट्रॅक्टर मेकॅनिक आला. तेलाच्या डब्यांचे पत्रे कापून त्याने पॅसेंजर गाडीचा जुना निळा डबा केला होता. खिडक्यांच्या दांड्या, छपरावरची झाकणं, सगळं झकास. पण दाराखाली पायऱ्या तीन! माझ्या वहीत दोन. रेल्वे यार्डाच्या कडेला उभा असलेला खरा डबा मी स्वतः टेप लावून मोजला होता. चार दारं, चार चुका. मी गुण कापले, वर ऐकवलंही, "अहो, अंदाजपंचे काम करायचं असेल तर खेळण्यांच्या दुकानात द्या." तो नियम पाळून गप्प बसला. आमच्या प्रदर्शनाच्या यादीतून त्याचा डबा गेला.

मार्चमध्ये एका लग्नाहून परतताना घोटी स्टेशनात पलीकडच्या रुळावर जुनी निळी पॅसेंजर उभी होती. सवयीने पायऱ्या मोजल्या. तीन. पुढच्या डब्याला तीन. शेवटच्या डब्यापर्यंत तीनच.

दुसऱ्या दिवशी यार्डात जाऊन विचारलं. मी मोजलेल्या डब्यात रुळावर काम करणारी माणसं राहायची. चढणं-उतरणं सोपं व्हावं म्हणून त्यांच्यासाठी एका बाजूला ओटा बांधला होता, तो पुढे पाडला. त्याच्या आड येणारी खालची पायरी कापून वरून रंग मारला होता. मी नेमकी तेवढीच बाजू मोजली होती. म्हणे परीक्षक! लाज वाटली मला.

तशीच लासलगावला गेले. गॅरेजमध्ये उभ्या उभ्याच त्याला सगळं सांगितलं. त्याने फळीवरचा डबा काढून माझ्यापुढे ठेवला. प्रत्येक दाराखाली दोन पायऱ्या. तिसरी कापून, घासून, वर रंग दिलेला.

"अहो, कापल्यात कशाला?" मी ओरडलेच.

"तुम्ही मोजलं होतं ना, ताई." तो हात पुसत म्हणाला. "आईला दवाखान्यासाठी नाशिकला न्यायचो. आमच्या टेशनाला तवा फलाट नव्हता. तिला धरून चढवताना दर पायरीला 'हां' म्हणायचो. तीनदा. तुम्ही दोनच सांगितल्या, मग वाटलं, एक 'हां' माझ्या मनाचाच असंल. आई तर आता नाय. इचारणार कोणाला?"

"तीनच," मी म्हणाले. "तुम्ही तीनदाच म्हणत होता."