सामाईक विहिरीचा प्रोग्राम

कॉलेजच्या पहिल्या वर्षाचा शेवटचा महिना मी रागातच काढला. तसा आमच्या वर्गात त्या महिन्यात रागवायला कुणाला वेळ नव्हता, सगळे जर्नल लिहीत होते. सी भाषेचे तीस प्रोग्राम, प्रत्येकाचा उद्देश, प्रत्येकाचा कोड आणि कोडखाली पट्टीनं चौकोन आखून त्यात हातानं लिहिलेलं आउटपुट. कॉम्प्युटरनं काय उत्तर दिलं ते कॉम्प्युटरला न विचारताच आम्ही लिहायचो. लॅबमधली निम्मी यंत्रं बंद होती आणि चालू यंत्रांवर आमचा नंबर लागेपर्यंत तास संपायचा. म्हणून वरच्या वर्गातल्या मुलींची जुनी जर्नलं आणायची आणि उतरवून काढायची. एका जुन्या जर्नलात अठराव्या प्रोग्रामला एक सेमीकोलन लिहायचा राहून गेला होता. आमच्या सत्तर जणांच्या जर्नलांत तो तसाच राहिला आणि सत्तर जर्नलांवर सरांची सही झाली.

मी अंथुर्ण्याहून बारामतीला एसटीनं जायची. सकाळच्या गाडीत बसायला जागा मिळाली तर मांडीवर वही ठेवून प्रोग्राम पाठ करायची. पाठ हाच शब्द होता. सर वर्गात स्पष्टच सांगायचे, की प्रॅक्टिकलला चिठ्ठी निघेल, चिठ्ठीवर या तीसपैकीच प्रोग्राम असेल, तोंडपाठ असेल तर पास. समजून घ्यायला पुढे दोन वर्षं आहेत. माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण पॅलिंड्रोमचा प्रोग्राम आरती म्हणावी तशी डोळे मिटून म्हणायची. मी तिला विचारलं, पॅलिंड्रोम म्हणजे काय? ती म्हणाली, तेवीस नंबर.

तीसपैकी चौथा प्रोग्राम सम-विषमचा होता. संख्येला दोननं भागायचं, बाकी शून्य उरली तर सम, एक उरली तर विषम. एवढा एकच प्रोग्राम मला खरोखर कळला होता, आणि तो कळला तो माझ्या काकीमुळं.

आमची विहीर चार भावांत सामाईक आहे. थोरले तात्या, मग काकीचे मालक, मग माझे आबा आणि सगळ्यांत धाकटे काका. काकीचे मालक जाऊन बरीच वर्षं झाली, पोरगी लग्न होऊन गेली, तेव्हापासून काकी एकटीच शेत बघते. धाकटे काका चाकणला कंपनीत आहेत, त्यांचं रान वाटेकऱ्याकडं. विहिरीच्या पाण्याची पाळी ठरलेली, एकेका घराला एकेक आठवडा, वयाच्या क्रमानं. शेतीची लाइट एक आठवडा दिवसा येते, एक आठवडा रात्री. ज्याच्या पाळीच्या आठवड्यात रात्रीची लाइट येईल त्यानं रात्रभर रानात दारं धरायची, सरीसरीला पाणी वळवायचं. थंडी असो, साप असो, अलीकडं उसात बिबट्या फिरतो म्हणतात तो असो.

त्या वर्षी जानेवारीत काकी रात्री दारं धरताना पाण्याच्या दांडावरून घसरली आणि तिचा उजवा हात मोडला. सकाळपर्यंत कुणाला कळलं नाही. प्लास्टर घातल्यावर सगळे भेटायला गेले. आई म्हणाली, नशीबच मेलं असलं, दर खेपंला हिचीच पाळी रात्रीची. तात्याही म्हणाले, नशीब.

सबमिशनच्या महिन्यात सरांनी सांगितलं, की जर्नलबरोबर एक छोटा प्रोजेक्ट पण द्यायचाय, तेव्हा मला हे आठवलं. चार घरं, दोन प्रकारची लाइट. आठवड्याच्या क्रमांकाला चारनं भागून उरलेली बाकी म्हणजे घर, आणि दोननं भागून उरलेली बाकी म्हणजे दिवस की रात्र. मी एसटीतच वहीच्या मागच्या पानावर मांडून बघितलं. चारला दोननं पूर्ण भाग जातो. म्हणजे पहिल्या आणि तिसऱ्या घराला कायम दिवस, दुसऱ्या आणि चौथ्याला कायम रात्र. आज, पुढच्या वर्षी, दहा वर्षांनी. यात नशीब कुठंच नव्हतं. आणि तिसरं घर आमचं होतं.

तेव्हा मला वाटलं, ही कुणाच्या लक्षातच न आलेली गोष्ट आहे. मी दाखवली की सगळे म्हणतील, अरेच्चा. मोठ्या हौसेनं मी तो प्रोग्राम लिहायला घेतला. गावातल्या एका दुकानदारानं दुपारी गिऱ्हाईक नसताना त्याचा कॉम्प्युटर वापरू दिला. तारीख टाकली की कुणाची पाळी आणि कुठली लाइट हे स्क्रीनवर यायचं.

बरोबर येतंय का ते तपासायला माझ्याकडं आमचं कॅलेंडर होतं. आई पाण्याच्या आठवड्यावर पेन्सिलीनं ‘आपली’ असं लिहिते. मागच्या वर्षीचं कॅलेंडर नव्याच्या खाली, त्याच खिळ्याला होतं. जूनपासून प्रोग्राम आणि आईची पेन्सिल तंतोतंत जुळत गेली. दिवाळीच्या पुढं मात्र जुळेना. प्रोग्राम म्हणत होता, आपली पाळी या आठवड्यात. आईनं लिहिलं होतं एक आठवडा पुढं. आणि तिथून सगळंच चुकत गेलं होतं.

दोन दिवस मी स्वतःचीच चूक शोधत बसले. लीप वर्ष, महिन्याचे दिवस, बाकी काढायचं चिन्ह, सगळं तपासलं. जर्नल अर्धं राहिलं होतं आणि मी हे करत होते. शेवटी भाकरी थापणाऱ्या आईला विचारलं, की दिवाळीनंतर पाण्याचं काय झालं होतं? ती वर न बघताच सांगायला लागली. तेव्हा लाइटीचं वेळापत्रक बदललं होतं. लागोपाठ दोन आठवडे दिवसाची लाइट आली. दुसऱ्या दिवसाच्या आठवड्यात धाकट्या काकांच्या वाटेकऱ्याची पाळी होती. मग तात्या म्हणाले, विहिरीत पाणी साठू द्या, एक आठवडा मोटर बंद ठेवू, मग पाळी नव्यानं लावू. नवी पाळी तात्यांपासून सुरू झाली. त्या आठवड्यात लाइट दिवसाची होती.

मी विचारलं, असं आधी पण झालंय का?

आई म्हणाली, “वेळापत्रक बदललं की तात्या पाळी मोडत्यात. पयल्यापास्नंच.”

पाळी मोडली नसती तर त्या हिवाळ्यात दिवसाची लाइट काकीला आली असती आणि रात्रीची तात्यांना आणि आम्हाला. चूक प्रोग्राममध्ये नव्हतीच.

आबा जेवायला आल्यावर मी वही त्यांच्यापुढं ठेवली आणि सगळं सांगितलं. मला अजून एक वेडी आशा होती, की हे तात्यांनी परस्पर केलं असेल, आबांना माहीत नसेल. आबांनी वही बघितली नाही. भाकरीचा तुकडा मोडला आणि शांतपणे म्हणाले, “आमाला काय ठाव न्हाय व्हय? पाळी हाय ती हाय. तू तुझा अब्यास कर.”

मी म्हणाले, काकीचा हात मोडला. ते म्हणाले, हात मोडला तेव्हा दवाखान्यात कोण घेऊन गेलं? मीच ना? त्यांच्या आवाजात जराही अपराधीपणा नव्हता, आणि मला सगळ्यांत जास्त राग त्याचा आला. एवढी वर्षं मी रात्री अभ्यासाला बसले की आबा घरात असायचे, दाराला कडी घालायचे, मला निर्धास्त वाटायचं. ते निर्धास्तपण कुणाच्या जिवावर होतं ते आता मला कळलं होतं आणि ताटातली भाकरी खाववत नव्हती. तरी मी ती खाल्ली. त्याचाही राग आला.

दुसऱ्या दिवशी प्रोजेक्टचं नाव द्यायचं होतं. सर वर्गात एकेकाचं नाव विचारून वहीत लिहीत होते. लायब्ररी मॅनेजमेंट, हॉस्पिटल मॅनेजमेंट, पुन्हा लायब्ररी मॅनेजमेंट. हे सगळे प्रोजेक्ट कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळायचे, फक्त वरचं नाव बदलून द्यायचे. माझा नंबर आला तेव्हा मी उभी राहून म्हणाले, पाण्याची पाळी.

मागच्या बाकावरून हसू फुटलं. सगळी शेतकऱ्यांचीच पोरं. प्रत्येकाच्या घरी हाच शब्द रोज बोलला जातो, बाप बोलतो, आजी बोलते. पण वर्गात एका मुलीच्या तोंडून आला म्हणून त्यांना त्याचा दुसराच अर्थ ऐकू आला. सर हसले नाहीत, पण हसणाऱ्यांना गप्पही केलं नाही. तास संपल्यावर मी त्यांना प्रोग्राम दाखवला. त्यांनी पानं उलटली आणि म्हणाले, “लॉजिक बरंय. पण बाहेरून परीक्षक येतात, त्यांना हे काय समजावणार? लायब्ररी घे. आणि जर्नल अपूर्ण आहे तुझं, सही मिळणार नाही.”

सही नाही तर परीक्षेला बसता येत नाही. मी लायब्ररी मॅनेजमेंट विकत आणला. त्यात माझ्याआधी कुणाकुणाची नावं होती ती एका पानावर खोडायची राहून गेली होती. ते पान मी फाडलं, जर्नलचे उरलेले प्रोग्राम दोन दिवसांत उतरवले, अठराव्यात सेमीकोलन नव्हता तो तसाच सोडला आणि सही घेतली. मी काही फार धीट निघाले नाही, हे मला इथं लिहायलाच हवं.

त्याच आठवड्यात मी काकीकडं गेले. प्लास्टर निघालं होतं, पण हात अजून पुरता वळत नव्हता. डाव्या हातानं ती शेंगा फोडत होती. मी तिला चार घरांचं गणित समजावून सांगितलं, दिवाळीनंतरच्या मोडलेल्या पाळीचंही सांगितलं. रडेल असं वाटलं होतं. ती शेंगा फोडत राहिली.

“मला ठाव हाय गं,” ती म्हणाली. “पर म्या बोलले की म्हणत्यात, रांडमुंड बाई, हिला हिशेब काय कळतोय. हे तुझ्या मशिनीतनं छापून मिळतंय का? मोठ्या अक्षरांत?”

मी म्हणाले, मिळतं.

“मग दोन वर्साचं काढ. मागलं येक आन् पुढलं येक.”

ज्या दुकानातून लायब्ररी आणला तिथंच मी ते छापलं. आठवडा, घर, दिवस किंवा रात्र. मागच्या वर्षाच्या यादीत जिथं पाळी मोडली तिथं मी काहीच भाष्य केलं नाही. फक्त ‘मोटर बंद’ असं लिहिलं. काकीनं ते कागद खळीनं मोटरीच्या स्टार्टरच्या पेटीवर चिकटवले आणि वरून प्लास्टिकची पिशवी ताणून बांधली. मोटर चालू करायला येणाऱ्या प्रत्येकाला ते वाचल्याशिवाय बटण दाबता येईना.

प्रॅक्टिकलच्या दिवशी मला बारावी चिठ्ठी आली, दोन संख्यांची अदलाबदल. पाठ होतं, लिहिलं. तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक होते, शेजारी आमचे सर. परीक्षकांनी लायब्ररीची फाइल उघडली आणि सवयीनं विचारलं, हा तूच केलास ना? सकाळपासून त्यांनी सगळ्यांना हेच विचारलं असणार आणि सगळ्यांनी हो म्हटलं असणार.

मी म्हणाले, “नाही सर. विकत घेतलाय. मी केलेला वेगळा आहे, तो घेतला नाही.”

सरांनी माझ्याकडं बघितलं नाही. परीक्षकांनी फाइलीवर बोट ठेवलं. मला वाटलं, आता विचारतील, मग तो कुठला? वहीचं मागचं पान मी बरोबर आणलं होतं. पण दाराबाहेर अजून चाळीस जण उभे होते. त्यांनी घड्याळ बघितलं, फॉर लूप आणि व्हाइल लूपमधला फरक विचारला, मी सांगितला, त्यांनी मान हलवून पुढचा नंबर बोलावला. मला चांगले मार्क पडले. खरं बोलल्याची शिक्षा झाली असती तर ती मी सोसली असती. माझं बोलणं कुणी ऐकलंच नाही, हे मात्र सोसत नव्हतं. परतीच्या गाडीत मी खिडकीकडं तोंड करून बसले आणि शेजारच्या बाईनं दिलेला पेरू सुद्धा नको म्हणाले.

घरी मात्र ऐकलं गेलं होतं. स्टार्टरवरचा कागद आधी वाटेकऱ्यानं वाचला. त्यालाही कायम रात्रच होती आणि तो गप्प बसणारा माणूस नव्हता. चहाच्या हॉटेलात त्यानं चार लोकांत विचारलं, की एवढी वर्षं रात्रच कशी काय येते? तात्यांना ते लागलं. त्यांनी मला ओट्यावर बोलावून घेतलं. आबा होते, काकी खांबाला टेकून उभी होती. तात्या बराच वेळ बोलले. घरातली गोष्ट चव्हाट्यावर आणली, शिकवलं ते चुकलं, पोरीच्या जातीनं पाण्याच्या भानगडीत पडू नये. मी ऐकून घेतलं. त्यांचं झाल्यावर मी म्हणाले, “तात्या, तुमी फकस्त येवढं सांगा, कागदावर चुकीचं काय लिवलंय?”

काकी म्हणाली, “भावजी, पुढल्या फेरीत दिवसाची माझी. न्हायतर मी तलाठ्याकडं जाती आन् विहीरच वाटून मागती.”

ठरलं ते एवढंच, की दर फेरीनंतर जोडीजोडीत पाळ्यांची अदलाबदल करायची, तात्या आणि काकी, आबा आणि वाटेकरी. ‘तुझं बरोबर होतं’ असं मला कुणी म्हणालं नाही. मेमध्ये आबांची रात्रीची पहिली पाळी आली. त्यांनी बॅटरी घेतली, कानाला मफलर बांधला आणि माझ्याशी न बोलता गेले. महिनाभर ते बोलले नाहीत. आईनं मला खडसावलं, बापाला म्हातारपणी रात्रीचं रानात घातलंस. मी म्हणाले, काकी त्यांच्यापेक्षा मोठी आहे. आईचा राग गेला नाही. माझाही गेला नाही.

आता मी शेवटच्या वर्षाला आहे. आबा बोलतात, पाळी येईल तेव्हा रात्री जातात, पहाटे येऊन झोपतात. परवा पहिल्या वर्षाची एक मुलगी माझं जुनं जर्नल मागायला आली होती. मी तिला दिलं नाही. तिनं तोंड वाकडं केलं आणि दुसऱ्या कुणाकडून तरी मिळवलं.