न दुखणारा फोड

धाकट्या लेकीच्या मनगटावरचा फोड दुखत असता, तर मी आता निवांत झोपले असते.

संध्याकाळी तिने नव्या डफाचा फोटो पाठवला. लाकडी कड्यावर ताणलेलं कातडं आणि कडं धरलेला तिचा हात. डफ राहिला बाजूला, मी हातच मोठा करून पाहिला. मनगटापाशी फोड, मधोमध कोळशासारखा काळा, भोवती सूज. लगेच फोन लावला.

"दुखतंय का गं?"

"अजिबात नाही. उगाच डोकं पिकवू नकोस."

"मग काय चावलं?"

"तुझी काळजी चावली."

ही पहिल्यापासून अशीच. लहानपणी माझ्या पिठाच्या चाळणीची जाळी काढून तिने त्यावर फुग्याचं रबर ताणलं होतं. आता पीठ कशात चाळू, विचारलं तर म्हणाली, "आधी ऐक तर." पुढे बँकेतली नोकरी सोडून भाड्याच्या खोलीत डफ करायला बसली. तिचे बाबा कितीतरी दिवस धुमसत होते; आता आल्यागेल्याला तिचाच डफ काढून दाखवतात.

एरवी ती खारवलेलं कातडं आणते, भिजवते आणि ओलं असतानाच केस खरवडते. या वेळी पाच-सहा दिवसांपूर्वी कुणाच्या तरी माळ्यावरचं जुनं, वाळकं कातडं मिळालं. भिजवून पुन्हा वाळवत बसायला वेळ नव्हता, उद्याचा कार्यक्रम तोंडावर आला होता. केस कोरडेच खरवडले, ताणण्यापुरतं ओलं केलं. "नाकातोंडात नुसती धूळ," हेही हसतच सांगितलं.

मी प्राणिशास्त्र शिकलेली. जनावराच्या कातड्यातून माणसाला होणारा तो रोग मला पक्का आठवतो: फोड काळा पडतो आणि दुखत नाही. वेळेवर औषध मिळालं तर बरा होतो, उशीर झाला तर जिवावर बेततं. तिला सांगितलं तर म्हणाली, "कार्यक्रम झाला की दाखवते. बाईंना मात्र कळू देऊ नकोस हं." तेव्हापासून तिचा फोन बंद आहे.

बाई म्हणजे गायिका. डफ त्यांच्यासाठीच आहे, उद्या त्याच तो हातात घेणार. राहतात हिच्या खोलीसमोरच.

त्यांना सांगितलं तर डफ जाईल, कातड्याचा बोभाटा होईल, आणि लेक माझ्याशी अबोला धरेल. पण अबोला धरायला तरी ती धडधाकट हवी.

इतक्या रात्री फोन वाजला की बाई दचकतील. दचकू देत. डफाला हात लावू नका, हिला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या आणि कातडं खरवडल्याचं डॉक्टरांना सांगा, एवढंच बोलायचंय.

नंबर लावते.