जुन्या बुटांचं पोतं

मी मान पुढे केली. चूक म्हणाल तर एवढीच.

स्टेजवरून आमच्या क्लबाचं नाव पुकारलं. "रिसाला फुटबॉल क्लब, सेक्रेटरी, प्लीज!" मी पायऱ्या चढलो. समोरून एक मुलगी चांदीच्या ताटात म्हैसूर पेटा, म्हणजे आमच्याकडची पगडी, घेऊन येत होती. जरीचा काठ, मधोमध चकाकतं पदक. आमच्या म्हैसुरात कुणाचा सत्कार करायचा तर आधी डोक्यावर पेटा, मग अंगावर शाल, मग चंदनाचा हार, आणि शेवटी फळांची करंडी. हा क्रम इथे कुणालाही झोपेतून उठवून विचारा. मी चष्मा काढून खिशात ठेवला. केस मागे सारले, जे उरलेत ते. आणि मान वाकवली.

वाकवून थांबलो. पेटा येईना. चष्मा नसल्यामुळे मला फक्त माझ्या चपला दिसत होत्या, त्याही अंधुक.

"सार, स्वल्प बाजूला," अनाउन्सर म्हणाला. माईकवरच.

ताट माझ्या कानाजवळून मागे गेलं. मी चष्मा परत चढवला. मागे सोफ्यावर फुटबॉल अकॅडमीचे डायरेक्टर बसले होते. पेटा त्यांचा होता.

मंडप हसला. वाईट नाही हसला. लग्नात एखादा पाहुणा चुकीच्या पंगतीत बसला की हसतात तसा. तिसऱ्या रांगेत माझी बायको बसली होती. मुलीच्या साखरपुड्याला घेतलेली म्हैसूर सिल्क नेसून. कारण तिला मीच सांगितलं होतं, चल, आज माझा सत्कार आहे. ती हसली नाही. तिनं पर्स उघडली, आत बघितलं, पर्स बंद केली.

मी खाली उतरायला वळलो.

"थांबा सार, तुमचंही आहे!" अनाउन्सर म्हणाला.

माझं जे होतं ते ताटात नव्हतं. दोघांनी ते ओढत आणलं. पोतं. वर अकॅडमीचा गोल स्टिकर. अनाउन्सरनं आवाज चढवला: "आजपासून आमच्या अकॅडमीनं या गरीब क्लबाला दत्तक घेतलं आहे! जोरदार टाळ्या!"

टाळ्या झाल्या. दत्तक. मला बावन्नावं चालू होतं. गुडघा दुखतो म्हणून मी जिन्यावर थांबत थांबत चढतो. या वयात मला कोणी मांडीवर घेईल असं वाटलं नव्हतं.

डायरेक्टर साहेबांनी पोत्याचं एक टोक धरलं. दुसरं माझ्या हातात दिलं. फोटोवाला म्हणाला, "सार, स्माईल."

मी स्माईल दिलं.

*

आता आम्ही कोण ते सांगतो. आमचे पूर्वज महाराजांच्या घोडदळात होते. मराठे, पण पिढ्यान् पिढ्या म्हैसूरचे. पुढे महाराज गेले, घोडे गेले. स्वार तेवढे मागे राहिले, त्यांना सायकली मिळाल्या. माझे आजोबा घोड्यावर, वडील सायकलवर, आणि मी उदबत्तीच्या कारखान्यात डिस्पॅच विभागात. घरी आल्यावर बायको म्हणते देव्हाऱ्यात जाऊन उभे राहा, वेगळी उदबत्ती नको.

क्लब वडिलांनी आणि त्यांच्या दोस्तांनी काढला. घोडदळाच्या जुन्या वस्तीत, म्हणून नाव रिसाला. आता त्यात मराठे कमी आणि बाकी सगळे जास्त. कॅप्टन आणि गोलकीपर मंजू, हा रिक्षा चालवतो. पुढच्या फळीत राजू आणि त्याचा थोरला भाऊ. ते पिरियापट्टणहून पहाटेच्या बसनं येतात. त्यांच्या बोटांना तंबाखूचा वास असतो. तंबाखू भट्टीला लागली की दोघं येत नाहीत आणि आम्ही हरतो. इतका साधा हिशेब.

आमचा क्लब कसा चालतो, लोक विचारतात. चालत नाही. आम्ही ढकलतो. बदली खेळाडू आत जायचा असला की बाहेर येणारा रेषेवर बसतो, बूट काढतो, आत जाणारा ते घालतो. राजू आणि त्याच्या भावाचे बूट एकच. त्यामुळे दोघं भाऊ कधी एकत्र मैदानात दिसत नाहीत. एक पळतो, एक अनवाणी बसून बघतो. समोरची टीम ओरडते, "रेफरी, लग्न लागतंय की काय तिथे!" आम्हीही हसतो. सवय झाली आहे.

आणि मैदान. दसरा आला की मैदानावर मांडव पडतात, स्टॉल लागतात, पाळणे उभे राहतात. महिन्यानं सगळं उठतं आणि मागे खांबांचे खड्डे उरतात. ते बुजवणार कोण? पालिका म्हणते क्लबांनी. मोठे क्लब म्हणतात पालिकेनं. आम्ही दर वर्षी घमेली घेऊन उभे. लाल माती टाकायची, पाणी मारायचं, अनवाणी पायांनी तुडवायची. बूट खराब होतात ना, म्हणून अनवाणी. असलेले बूट जपावे लागतात. या श्रमाच्या बदल्यात आम्हाला मैदानाची सकाळची वेळ मिळत आली होती. लेखी नाही. अशीच. वडिलांपासून.

अकॅडमी नवी. बोगादीकडे त्यांचं स्वतःचं हिरवं कृत्रिम मैदान आहे, रात्रीचे दिवे आहेत, गोकुलममधून मुलं गाड्यांनी येतात. पाणी पाजायला वेगळा माणूस. पाय दाबायला वेगळा. तरी त्यांना आमचं मैदान हवं होतं, कारण स्पर्धा तिथेच होते आणि पेपरवाले तिथेच येतात.

त्या वर्षी आम्ही फायनलला पोचलो, समोर अकॅडमी. कसे ते आम्हालाही कळलं नाही. मंजूनं पेनल्टी अडवल्या, राजूच्या भावाचा ताप राजूच्या पथ्यावर पडला, म्हणजे बूट पूर्ण वेळ एकाच पायात राहिले. आदल्या दिवशी अकॅडमीच्या ऑफिसातून फोन. "सार, तुम्हाला उद्या मॅचच्या आधी स्टेजवर बोलावणार आहोत. फॅमिलीला आणा." मी बायकोला म्हटलं, बघ. इतकी वर्षं माती उचलली, कुणाच्या तरी नजरेत आली.

ती म्हणाली, "री, नक्की सत्कारच आहे ना?"

आमच्याकडे अहो नाही, री आहे. कानडी बायकांचं ऐकून ऐकून. मी म्हटलं, "मग काय श्राद्ध आहे?"

*

पोतं घेऊन मी गोलपोस्टच्या मागे आलो. टीम तिथे बसली होती. मंजूनं दोरी सोडली. आत बूट होते. वापरलेले, पण चांगले. मला वाटलं होतं फाटके असतील. फाटके असते तर सोपं झालं असतं.

राजूनं एक जोडी उचलली. पाय घातला. उठून उभा राहिला, दोन उड्या मारल्या. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी नीट बघितलं नाही. बघवलं नाही.

"बरोबर बसले अण्णा," तो म्हणाला.

बुटांच्या खाली शर्ट होते. निळे, अकॅडमीचे. मंजूनं एक झटकून उलगडला. पाठीवर नाव छापलेलं. आडनाव नाही, नुसतं लाडाचं नाव, मोठ्या अक्षरांत. त्यांच्या मागच्या वर्षीच्या कुठल्या तरी मुलाचं. दुसरा उलगडला. दुसऱ्या मुलाचं.

तेवढ्यात डायरेक्टर साहेब आले. डोक्यावर पेटा तसाच. माणूस गोड. खांद्यावर हात ठेवून बोलणारा.

"हे घाला आता," ते म्हणाले. "आमचा संघ आज पांढऱ्यात आहे. तुमचे हिरवे शर्ट फोटोत बरे दिसत नाहीत सार. विटलेत. स्पॉन्सर लोक आलेत."

"आमच्या मुलांनी तुमच्या मुलांची नावं घालायची?"

"नाव कोण वाचतं? आणि पुढच्या महिन्यापासून नाव एकच होणार. रिसाला ही आमची बी टीम. सकाळची वेळ आम्ही घेऊ, तुमच्या मुलांना दुपारी येऊ द्या. मातीचं काम तुम्हालाच जमतं, ते तुमच्याकडेच राहील."

हे सगळं त्यांनी हसत सांगितलं. शिवी दिली असती तर मला शिवी देता आली असती. या हसण्याला काय द्यायचं? मला वडिलांनी घमेलं उचलायला शिकवलं. हसणाऱ्या माणसाला नाही म्हणायला कुणी शिकवलं नाही. तोंडातून येणारच होतं, 'बरं सार'. जिभेवर आलंच होतं. बावन्न वर्षं तेच येत होतं. कारखान्यात मालकाला बरं सार. पालिकेत शिपायाला बरं सार. मंडपात बाजूला हो म्हटलं, बरं सार.

मंजूनं हातातला शर्ट खाली ठेवला. तो माझ्याकडे बघत होता. मग म्हणाला, "अण्णा, यांना हरवायला आपण यांचीच नावं पाठीवर घालून उतरायचं?"

आणि मी राजूच्या पायांकडे बघितलं.

इथेच माझं पाऊल अडलं. मान माझी, अपमान माझा. पण बूट राजूचे. मी ताठ मानेनं नाही म्हणणार आणि अनवाणी कोण बसणार? त्याचा भाऊ. मला काय हक्क? दुसऱ्याच्या पायांवर स्वाभिमान दाखवणं फार स्वस्त असतं. मी खाली बसलो, गुडघा कटकन वाजला, आणि राजूला म्हणालो, "मला हे परत करायचंय. पण बूट तुझ्या पायात आहेत. तू सांग."

राजूनं बुटाची टाच मातीत एकदा दाबून बघितली.

"हे घालून मी गोल मारला, तर तो कुणाचा धरणार?" त्यानं विचारलं. मला नाही. डायरेक्टर साहेबांना.

ते हसले. "अरे, आपलाच की."

राजू खाली बसला. नाडी सोडायला लागला. एक बूट काढला, दुसरा काढला, दोन्ही एकमेकांना बांधले, पोत्यात ठेवले. फेकले नाहीत. ठेवले. मग भावाकडे हात केला. भावानं स्वतःच्या पायातले जुने बूट काढून दिले.

पोतं मी उचललं. जड होतं. मंजू धावला, मी म्हटलं बेडा, राहू दे, मीच घेतलं होतं ना. मंडपापर्यंत नेलं, पायऱ्या चढलो, सोफ्यासमोर ठेवलं. डायरेक्टर साहेब मागून आले.

"सार, इगो ठेवून क्लब चालत नाही."

"माहीत आहे. आमचं नाव रिसालाच राहील. शर्ट हिरवे राहतील. मैदान सकाळी आमचं."

"मैदान पालिकेचं आहे."

"मग खड्डे पण पालिकेचे. पुढच्या दसऱ्यानंतर तुम्ही बुजवा."

एवढं बोललो आणि मला एकदम भूक लागली.   सकाळपासून सत्काराच्या आनंदात काही खाल्लं नव्हतं.

फोटोवाला समोरच होता. त्यानं कॅमेरा पुसला. फोटो काढला नाही.

*

हरलो. सरळ लिहितो, तीन गोलांनी हरलो. राजूचा फटका पोस्टला लागून बाहेर गेला. शेवटी त्याचा भाऊ आत गेला, तेव्हा रेषेवर बसून दोघांनी बूट बदलले आणि पांढऱ्या शर्टातली मुलं हसली. या वेळी आम्ही हसलो नाही. तेवढाच फरक. कुणाला तो फरक वाटणार नाही, ठाऊक आहे.

पुढे सकाळची वेळ गेली. गेटवरचा माणूस म्हणाला, वरून ऑर्डर आहे. आता आम्ही बोगादीच्या पलीकडे, तळ्याच्या कोरड्या काठावर खेळतो. तिथे खांबांचे खड्डे नाहीत. म्हशींच्या खुरांचे आहेत. आधी म्हशींना हाकलायचं, मग खेळायचं. मंजू म्हणतो, प्रेक्षक तरी मिळाले. त्या वर्षी दसऱ्यानंतर जुन्या मैदानावर आम्ही घमेलं नेलं नाही. खड्डे तसेच राहिले. अकॅडमीची दोन मुलं पाय मुरगळून बसली. मला आनंद झाला असं म्हणणार नाही. मुलं ती मुलंच. पण मी गेलो नाही. परत जाणारही नाही.

मी थकलोय. हे लपवून काय उपयोग? दर रविवारी उठताना गुडघा विचारतो, कशाला? उत्तर देत नाही, उठतो. स्पर्धेत नाव घालतो. हिरव्या शर्टात उतरतो. कुणाची उतरवलेली वस्तू अंगावर चढवून उतरणार नाही. हरायचं तर स्वतःच्या नावानं हरायचं. एवढंच शिकलो, तेही बावन्नाव्या वर्षी.

त्या संध्याकाळी बायको काय म्हणाली ते राहिलंच.

परत मंजूच्याच रिक्षानं आलो.  घरी येऊन तिनं सिल्क बदललं, घडी घालून कपाटात ठेवलं. मी खुर्चीत बसून वाट बघत होतो. वाटलं म्हणेल, बरं केलंत. पोतं परत दिलेलं तिनं तिसऱ्या रांगेतून बघितलं होतं. तेवढ्यात तिचा फोन वाजत सुटला. नातेवाईकांच्या ग्रुपवर कुणीतरी फोटो टाकला होता. स्टेज, पोतं, पेट्यातले डायरेक्टर, आणि मी. खाली माझ्या भाच्या, मेव्हणे, सगळ्यांचं अभिनंदन, अभिनंदन, हात जोडलेले.

तिनं फोन माझ्यापुढे धरला. चष्मा मी रिक्षातच काढून खिशात ठेवला होता. काढून घातला.

"री," ती म्हणाली, "परत दिलंत ते बघितलं मी. ते कुणी फोटोत घेतलं नाही, जाऊ दे. पण घेताना एवढं हसलात कशाला? पुढच्या खेपेला कुणी काही द्यायला आलं, तर घ्या नाही तर नका घेऊ, ते तुमचं तुम्ही बघा. हसू मात्र नका."